सगळ्यात भिकार टँक कोणता? (स्पर्धेत पोहलेलेच सांगा)

पूर्णाकाठ
परवा पुतणी शालेय स्पर्धेहून आली. कशी झाली विचारलं तर म्हणे, "बाकी ठीक होतं काका, फक्त टर्न मारताना भिंत दिसत नव्हती." फक्त! तेव्हा वाटलं, विदर्भातल्या खेड्यापाड्यांत, तालुक्यांत स्पर्धा पोहलेली बरीच मंडळी इथे आहेत, एकदा सगळ्यांनी मन मोकळं करावं.

अटी दोनच. सुट्टीतलं डुंबणं नको. शिट्टी वाजली आणि नंबर लागला असंच पाणी सांगा. आणि संस्था, शाळा, कॉलनी, कुणाचंही नाव घेऊ नका. निम्म्यांचे मामा-काका त्याच समितीवर निघतील.

सुरुवात माझ्यापासून. खारपाणपट्ट्यातल्या एका कॉलनीचा टँक, साहेब लोकांच्या पोरांना खेळायला बांधलेला. लांबी २० मीटर. आता ५० मीटरची शर्यत म्हणजे अडीच फेऱ्या, आणि ती अर्धी फेरी संपते टँकच्या मधोमध. तिथे भिंत कुठून आणणार? आयोजकांनी दोन काठांवर दोन शिपाई उभे केले, हातात सुतळी दिली आणि पाण्याच्या वर वीतभर उंच धरायला सांगितली. शर्यत सुरू झाली, पाणी उसळलं, सुतळी भिजली आणि मधे झोळ पडला. फ्रीस्टाइलवाले तिच्याखालून निघून गेले ते थेट पलीकडची भिंत गाठून थांबले. एक पोरगा सुतळी हाताला लागताच ती धरून जागीच राहिला. नियमाने तोच बरोबर, पण त्याला पाचवा दिला. बॅकस्ट्रोकवाल्यांच्या ती गळ्यात आली. काठावरून पंच ओरडतायत, "लाल चड्डी पहिला!" लाल चड्ड्या दोन होत्या.

मी दुसरा आलो असं प्रमाणपत्रावर आहे. त्यावर जास्त चर्चा नको.

टायरट्यूब
हे तर काहीच नाई भाऊ. मी शेततळ्यात पवलो हाव.

'मागेल त्याला शेततळे' २०१६ ले आलं, त्याच्या नंतरची गोष्ट. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाले स्पर्धा ठेवली. गावाले नदी हाये, पण मे महिन्यात तिच्यात पोट्टे क्रिकेट खेळतेत. म्हणून मग तळं. खाली सगळं प्लास्टिक अंथरेल, त्याच्यावर शेवाळाचा थर. टर्न माराले भिंतच नाई, उतार हाये. पाय टेकवून ढकलाले गेलं की पाय सरकते अन् माणूस पुढे जायच्या ऐवजी बुडावर बसते. अर्धे पोट्टे तिथंच गळाले.

खरी गंमत तर संपल्यावर. पाण्याच्या बायेर येताच येईना! चढाले गेलं की घसरून वापस पाण्यात. शेवटी बैलायचे कासरे आणले अन् एकेकाले वढून काढलं. पहिला आलेला सगळ्यात शेवटी निघाला, काहून का बक्षिसासाठी त्याचं नाव पुकारलं तवा लक्षात आलं का थो अजून आतच हाये.

झाडीपट्टी
खारपाणपट्टावाल्यांनो, तुमच्याकडे निदान पाण्याचा तळ तरी होता!

आमच्या भंडारा-गोंदियाकडे माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातले) तलाव, म्हणजे मामा तलाव. गावात टँक नाही म्हणून रडायचं कारणच नाही, दर गावाला एक-दोन तलाव पूर्वजांनी बांधून ठेवलेत. स्पर्धा अशी: या पाळीवरून उडी, समोर पाण्यात रोवलेल्या बांबूला वळसा, आणि परत. बांबूवर फडकं बांधलेलं. लेन वगैरे काही नाही, जो तो आपल्या अंदाजाने. अडचण अशी की मधल्या पट्ट्यात शिंगाड्याची वेल. कमळाचे देठ पायाला अडकतात ते सोडवता येतात, शिंगाड्याचे काटे मात्र मांडीला रक्त काढतात. ज्यांना वेल कुठे आहे माहीत, ते लांबचा वळसा घेऊन जिंकायचे. म्हणजे दरवर्षी ढिवर (मासेमार) मोहल्ल्यातलीच पोरं पहिली. बाहेरून आलेले कॉलेजचे चॅम्पियन वेलीत अडकून डोंग्यात बसून परत यायचे.

पाण्याला वास यायचा, म्हशीही असायच्या. पण भिकार म्हणवत नाही. मला ती स्पर्धा आवडायची.

जुनेपुराणे
झाडीपट्टी, तुम्ही थेट ऑलिंपिकच्या परंपरेत बसता. अतिशयोक्ती नाही.

१८९६ला अथेन्सला टँक नव्हताच. झेआच्या खाडीत शर्यती झाल्या. पोहणाऱ्यांना बोटीतून समुद्रात नेऊन सोडायचं आणि त्यांनी किनाऱ्याकडे पोहत यायचं. एप्रिल महिना, पाणी साधारण १३ अंश. हंगेरीच्या आल्फ्रेड हायोशने अंगाला चरबीचा जाड थर फासला, १०० आणि १२०० मीटर दोन्ही जिंकल्या, आणि नंतर सांगितलं की १२०० मीटरमध्ये जिंकण्यापेक्षा जिवंत राहण्याची इच्छा मोठी होती. १९००ला पॅरिसला सीन नदी, तीही प्रवाहाच्या दिशेने, त्यामुळे वेळा भलत्याच चांगल्या आल्या. १९०४ला सेंट लुईसला प्रदर्शनासाठी खोदलेला कृत्रिम तलाव आणि सूर मारायला तराफा. १९०८ला लंडनच्या स्टेडियमच्या आत १०० मीटर लांबीचा टँक बांधला. दोऱ्यांनी लेन आखलेला ५० मीटरचा टँक ऑलिंपिकला मिळाला तो १९२४ला, पॅरिसमध्ये.

म्हणजे लंडनचा अपवाद सोडला तर पहिली जवळजवळ तीस वर्षं जगातले सर्वोत्तम पोहणारे मामा तलावासारख्याच पाण्यात होते. शिंगाडे वगळून.

घड्याळवाला
मी पोहलो कमी, पंच म्हणून काठावर जास्त उभा राहिलो. तीन घड्याळं लावायची, दोन जुळली तर ती वेळ, तिन्ही वेगळी आली तर मधली, इतका साधा नियम. पण घड्याळ बरोबर असून टँकच चुकीचा असेल तर काय मोजायचं?

कापसाच्या काळ्या मातीत बांधलेला टँक हा वेगळाच प्रकार आहे. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगा पडतात. जमिनीत भेगा पडल्या की भिंतीलाही पडणारच. मग पाणी गळतं. मे महिन्यात टँकर मिळत नाही, प्यायलाच पाणी नाही तर टँकला कोण देणार? त्यामुळे स्पर्धेच्या दिवशी पाणी काठापासून हात-दीड हात खाली. पोहणाऱ्याला वाटतं, असेना खाली, पोहायला पाणी आहे ना? पण काठाची पन्हाळ कोरडी राहते, लाटा तिच्यात जायच्या ऐवजी भिंतीवर आपटून परत येतात. कडेच्या लेनवाला आपल्याच लाटा पीत पोहतो. एकदा तर सहाही लेनची मुलं आपापल्या नेहमीच्या वेळेपेक्षा कितीतरी मागे आली आणि पालक माझ्या घड्याळावर घसरले.

लेनच्या दोऱ्या म्हणाल तर नायलॉनचा दोर आणि त्यात ओवलेले तेलाचे रिकामे डबे. डब्याचं झाकण सैल असलं की तो भरतो आणि लेन मधेच बुडते.

बॅकस्ट्रोकच्या पताका हा माझा जिव्हाळ्याचा विषय. भिंतीच्या ५ मीटर अलीकडे त्या लावायच्या असतात, म्हणजे उताण्या पोहणाऱ्याला भिंत आली हे कळतं आणि तो हात मोजून वळतो. बहुतेक ठिकाणी त्या नसतात आणि पोरं डोक्याने भिंत शोधतात. एका गावात मी अडूनच बसलो, पताका लागल्याशिवाय शर्यत सुरू करणार नाही. अर्ध्या तासात दोन पोरं सायकलवर गेली आणि गणपती मंडळाच्या मंडपातली भगव्या-हिरव्या कागदाची माळ घेऊन आली. बांबूला बांधली. झकास काम झालं, कुणाचं डोकं फुटलं नाही. रंग मात्र सगळ्यांच्या कॅपवर गळला.

निवळी
पाण्याच्या रंगावर थोडं, कारण पोटापाण्याचा धंदा तोच (म्हणजे पाणी शुद्धीकरण; टँक भरणे नव्हे).

पूर्णाकाठ यांच्या पुतणीला भिंत दिसली नाही याची कारणं दोन असू शकतात. हिरवं असेल तर शेवाळ: ऊन क्लोरीन खाऊन टाकतं, संध्याकाळी ब्लीचिंग पावडर टाकली नाही की आपल्याकडच्या उन्हात दोन दिवसांत पाणी हिरवं. दुधासारखं पांढुरकं असेल तर बोअरचं जड पाणी. त्यात क्षार भरपूर, आणि सामू (पीएच) ७.८च्या वर गेला की ते सुटे होऊन पाण्यात तरंगतात. वरून ब्लीचिंग टाकलं की सामू आणखी वाढतो. मग पाणी दिसतं पांढरं, क्लोरीन कामही कमी करतं, आणि केअरटेकर सांगतो, "साहेब, आजच पावडर टाकली."

आणि ज्या टँकवर पाय ठेवताच 'क्लोरीनचा' भपकारा येतो तो स्वच्छ समजू नका. तो वास घाम, लघवी यांच्याशी क्लोरीनची क्रिया होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा असतो. डोळे त्यानेच चुरचुरतात.

मोरचुदाने शेवाळ मरतं खरं, पण काही ठिकाणी ते शेतात टाकावं तसं मुठीने फेकतात. कृपया थांबवा.

हिरव्या पाण्याची लाज फक्त आपल्यालाच नाही. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये डायव्हिंगचा टँक एका रात्रीत हिरवा झाला. पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यामुळे क्लोरीन निकामी झालं आणि शेवाळाला रान मोकळं मिळालं. शेजारच्या टँकचंही तेच झालं, तिथलं पाणी आर्टिस्टिक स्विमिंगच्या आधी बदलावं लागलं.

टायरट्यूब
मंग लोणारले ठेवा ना स्पर्धा. पाणी गुलाबी!

निवळी
जून २०२०मध्ये गुलाबी झालं होतं, क्षार वाढल्यावर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. पाणी इतकं अल्कधर्मी आहे की डोळे जातील. आणि अभयारण्य आहे ते. वनखात्याचे लोक तुम्हाला कासऱ्याने नाही, दुसऱ्याच कशाने ओढतील.

विहीरवाला_तात्या
वाचून हसू येतं. आम्ही पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पवाले शिकलो. काठावरून उडी, खाली पाणी दिसत नव्हतं, साप असले तर बाजूला करून पोहायचं. तेव्हा कुठली लेन आणि कुठला सामू? म्हणून तर आमची छाती अशी झाली. आजच्या पोरांना काचेसारखं पाणी पाहिजे, गॉगल पाहिजे, वर आईबाप पाण्याची बाटली घेऊन उभे. भिकार टँकनेच चांगले पोहणारे घडतात, हे माझं स्पष्ट मत.

काठावरची_शिट्टी
तात्या, वयाचा मान राखून विरोध करतो. मी वीसेक वर्षं तालुक्याच्या पोरांना शिकवतोय.

विहिरीत साप होता, पाणी काळं होतं, सगळं मान्य. पण विहिरीला एक गोष्ट होती जी तालुक्याच्या टँकला नसते: खोली. तीन पुरुष खोल पाण्यात तुम्ही कसेही पडा, तळ लागत नाही. आमच्याकडचे टँक मात्र लहान मुलांसाठी बांधलेले, एका टोकाला साडेतीन फूट, आणि हौसेने स्टार्टिंग ब्लॉक (सूर मारायचे ओटे) बसवलेत ते त्याच टोकाला, कारण तिथे मांडव टाकायला जागा आहे. नियम सांगतो की ब्लॉक असतील तर भिंतीपासून १ ते ६ मीटरपर्यंत पाणी किमान १.३५ मीटर खोल हवं, आणि ब्लॉकची उंची पाण्यापासून ५० ते ७५ सेंटीमीटर. आता घड्याळवाल्यांनी सांगितलेली गळती त्यात मिळवा. पाणी फूटभर खाली गेलं म्हणजे ब्लॉक फूटभर उंच झाला आणि तळ फूटभर वर आला. दोन्ही बाजूंनी मार.

मी एका चौदा वर्षांच्या मुलाचे पुढचे दोन दात फरशीवर गेलेले पाहिलेत. तो नशीबवान. मान वाकली असती तर आयुष्यभर खाटेवर. म्हणून माझ्या हिशोबात घाण पाणी, सुतळी, तेलाचे डबे, हे सगळं दुसऱ्या नंबरवर. भिकार टँक म्हणजे उथळ टँकवर ब्लॉक. बस.

उथळपणा वेळही खातो, पण तो चैनीचा प्रश्न. बीजिंगला २००८मध्ये खोली ३ मीटर होती आणि विक्रमांचा पाऊस पडला. पॅरिसला २०२४मध्ये सव्वादोन मीटरही नव्हती, तर सुरुवातीचे दिवस सगळे 'टँक मंद आहे' म्हणत होते. आम्हाला दीड मीटर मिळाला तरी मी नारळ फोडीन.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. सगळे गार पाण्याला भितात. शर्यतीचं पाणी २५ ते २८ अंशांचं असावं असा नियम आहे. आमच्या मे महिन्यात दुपारी टँकचं पाणी हाताला कोमट लागतं, आणि त्यात १५०० मीटर लावतात. पोहणाऱ्याला घाम येतो हेच आयोजकांना पटत नाही. २०१०मध्ये संयुक्त अरब अमिरातीत फुजैराच्या कोमट समुद्रात १० किलोमीटरच्या शर्यतीत अमेरिकेचा फ्रॅन क्रिपन दगावला, तेही अव्वल दर्जाचा खेळाडू. त्यानंतर मोकळ्या पाण्यातल्या शर्यतींसाठी ३१ अंशांची वरची मर्यादा आली. आमच्याकडे ४५ अंशांत उद्घाटनाला पाहुणे उशिरा आले म्हणून सकाळी सातची शर्यत साडेअकराला होते. शहाबादी फरशीवर पोरं एका पायावर नाचत उभी. भाषणं सावलीत.

आणि टायरट्यूब, हसलो मीही, पण शेततळ्यात पुन्हा कुणाला उतरू देऊ नका. त्याच प्लास्टिकवरून घसरून पट्टीचे पोहणारेही बुडालेत. कासरे जवळ नसते तर?

टायरट्यूब
हाव ना सर. आता तिथं चारी बाजूनं जाळी लावली अन् गाठी मारेल दोर सोडून ठेवले हाये. थे अक्कल नंतर आली सगळ्यायले.

विहीरवाला_तात्या
दाताचं वाचून गप्प बसलो. भोपळ्याचं मत कायम.

डबेवाली_आई
इतका वेळ वाचतेय. सगळे पाण्याबद्दलच बोलताय म्हणून लिहिते.

माझी मुलगी सतरा वर्षांखालच्या गटात पोहते. तिच्यासाठी भिकार टँक म्हणजे जिथे कपडे बदलायला खोली नाही. असते, पण तिला कडी नाही, किंवा आत ब्लीचिंगची पोती रचलेली. मग आम्ही चार आया साडी धरून उभ्या राहतो आणि मुली आत बदलतात. मुलींच्या शर्यती सगळ्यात शेवटी, तोवर कंपाउंडच्या भिंतीवर गावातली पोरं ओळीने बसलेली. मागच्या वर्षी दोन मुली ओल्या कपड्यांवरच घरी गेल्या आणि नंतर स्पर्धेला आल्याच नाहीत. त्यांच्या घरच्यांनी बंद केलं. त्या दोघी माझ्या मुलीपेक्षा चांगल्या पोहायच्या.

पाणी हिरवं होतं की पांढरं, खरंच आठवत नाही मला.

आता प्रश्न. पुढच्या पंधरवड्यात आमची स्पर्धा एका नव्या ठिकाणी आहे. शिट्टी सर, मला पोहता येत नाही. काठावर उभं राहून काय बघू?

काठावरची_शिट्टी
ताई, एक बांबू घेऊन जा, त्यावर साडेचार फुटांची खूण करा. ब्लॉकखाली नाही, भिंतीपासून दोन-तीन पावलं आत टोचा, कारण पोरगी तिथे पडते. खूण पाण्याच्या वर राहिली तर खोल टोकाकडून स्टार्ट मागा. नाही दिलं तर मुलीला पाण्यातूनच, भिंतीला पाय लावून स्टार्ट घ्यायला सांगा, एखादा सेकंद जाईल. तळाची काळी रेघ काठावरून दिसली पाहिजे. दिसत नसेल तर बुडालेलं मूलही दिसणार नाही, तिथे उतरवूच नका. हे आदल्या दिवशी बघा. सकाळी गेलात तर पाहुणे, हार आणि बँडमध्ये तुमचं कोणी ऐकणार नाही.

कपड्यांच्या खोलीचं पंचांना नाही, शाळेच्या मुख्याध्यापकांना लेखी द्या. चार पालकांच्या सह्या घेऊन.

घड्याळवाला
आणि मुलींच्या शर्यती सकाळी पहिल्या घ्या असंही त्याच पत्रात लिहा. कार्यक्रमपत्रिका छापायच्या आधी दिलं तर सहज होतं, नंतर अशक्य.

डबेवाली_आई
झाली स्पर्धा. बांबूवर लोक हसले. खूण हातभर वर राहिली तेव्हा हसायचे थांबले. आयोजकांपैकी एक जण चिडले, मांडव त्या टोकाला आहे म्हणाले. मग दुसऱ्या तालुक्याच्या दोन सरांनी आमची बाजू घेतली आणि स्टार्ट खोल टोकाकडे गेला. २५ मीटरचा टँक होता, त्यामुळे ५० आणि १००चा शेवटही तिकडेच आला, पाहुण्यांना खुर्च्या उचलून जावं लागलं. मुलींच्या शर्यती मात्र शेवटीच. पत्र उशिरा पोचलं म्हणे. खोलीला कडी बसवली होती, नवीन.

मुलगी १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकला चौथी आली.

घड्याळवाला
वेळ किती आली?

डबेवाली_आई
वेळ लिहिलीच नाही, फक्त नंबर. विचारलं तर म्हणाले, पहिल्या तिघांचीच घेतली, घड्याळं तीनच होती.

घड्याळवाला
तीन घड्याळं एका लेनला लागतात हो!!

पूर्णाकाठ
सुतळीवाल्या शिपायांची आठवण आली. घड्याळवाले, तुमच्याकडे जुनी स्टॉपवॉच पडली असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पुतणीच्या शाळेला चार हवी आहेत, पोस्टाचा खर्च मी देतो.